सतरा घरांचा तांदूळ

ऋतुजा,

ताम्हिणीच्या वरच्या वाडीतली माणसं काय म्हणाली ते मी तुला सांगितलं होतं. पोरं बरोबर बोलतात म्हणाली, असला बाँब जगात कुणाकडंच नको म्हणाली, सतरा घरांनी सतरा मुठी तांदूळ दिला, एका म्हातारीनं तर माझ्या तोंडावरनं हात फिरवला. त्यातलं म्हातारीचं तेवढं खरं होतं. बाकी मी एकाही घराला काही विचारलं नव्हतं. तांदूळ होस्टेलच्या कोठीतला होता.

हे तुझ्यासमोर बसून सांगायचं होतं. तू तापानं झोपलीस तेव्हा म्हटलं, उठू दे, मग सांगू. आजारी माणसाच्या कानावर असलं कशाला घालायचं. मग ताप डोक्यात गेला आणि तू कुणाचंच ऐकण्यातली राहिली नाहीस. आता माल्याला, तुमच्या गावी, तुझा दहावा होऊन गेला. माणसं आली तशी गेली. मी पौडाला परत येऊन नव्वद पोरींच्या चपात्या लाटतेय आणि मनातल्या मनात तुझ्याशी बोलतेय. दुसऱ्या कुणाशी इतकं बोलायची मला सवयच नाही इथं.

तुला माहीत आहे, मी मंगळवेढ्याकडची. आमच्याकडं काळं रान आणि ज्वारी. भात सणाला, नाहीतर कुणी आजारी पडलं तर. सातवीत शाळा सुटली, ती आई अंथरुणाला खिळली म्हणून. धाकटा भाऊ तेव्हा दुसरीत होता, त्याला डबा करून द्यायला कुणीतरी घरात पाहिजे होतं. पुढं लग्न झालं, मोडलं, आणि कुणाच्या तरी ओळखीनं मी इतक्या लांब ह्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात आले. सहा वर्षं झाली. ह्या सहा वर्षांत मी मुळशीत कुणाच्या दारात पाहुणी म्हणून गेले असेन तर ती फक्त तुमच्या. परक्या दारासमोर उभं राहिलं की माझा हात कडीपर्यंत जात नाही. आत कोण असेल, काय विचारतील, मला उत्तर येईल का. बँकेतली स्लिपसुद्धा मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा भरते, हे तू बघितलंयस.

तरी तू मला वाडीवर पाठवलंस. पाठवलंस म्हणजे काय, मीच मोठ्या तोंडानं म्हटलं, मी जाते.

त्याचं कारणही तूच. तुमचा गट दर रविवारी आमच्या जेवणाच्या हॉलमध्ये बसायचा, तेव्हा मी तुम्हाला फक्त चहा आणून द्यायची. सातआठ पोरंपोरी, सगळी कॉलेजातली. एका रविवारी तुम्ही टेबलावर पुण्याचा नकाशा पसरला होता आणि ओंकार कंपासानं त्यावर रिंगणं काढत होता. एवढ्यात घरं उरणार नाहीत, एवढ्यात माणसं भाजतील, एवढ्यात आग लागेल. मी कप ठेवता ठेवता विचारलं, "पौड कुठल्या रिंगणात?"

ओंकारनं कंपास कडेपर्यंत नेला. नकाशा चांदणी चौकाशीच संपत होता.

ओंकार म्हणाला, "पौड सेफ आहे मावशी. एवढ्या लांब नाही येणार."

"वारा कुठला असंल त्या दिवशी?" मी म्हटलं. "उफणताना वारा बघूनच उभं राहावं लागतं. नाहीतर सगळा भुसा आपल्याच तोंडावर."

 तू उठून भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलंस, त्याची कोरी बाजू वर करून नकाशाला चिकटवलीस, माझ्या हातात पेन दिलंस आणि म्हणालीस, "ताई, पौड काढा. पिरंगुट काढा. माझं माले काढा. आपण स्वतःलाच नकाशाबाहेर ठेवलं होतं."

पेन मी धरलं ते पेनासारखं नाही, उलथन्यासारखं. ठिपके वाकडे आले. पण त्या रविवारपासून मी तुझी "अहो ताई"ची "अगं ताई" झाले आणि तुझ्याशेजारच्या खुर्चीवर बसायला लागले. चहा ओंकार आणायला लागला. पातळ आणायचा. शिकल्यासवरल्या माणसांत माझा प्रश्न कुणी असा टेबलावर मांडून ठेवला नव्हता. ह्याचे आभार मी तुझे कधी मानले नाहीत. आमच्यात आभार मानायची रीत नाही, आणि मला वाटलं, वेळ आहे.

सह्यांचं तुमचं काय झालं होतं, ते आठवलं की अजून हसू येतं. राष्ट्रपतींच्या नावानं पत्र, जगातल्या बऱ्याच देशांनी मिळून ही अस्त्रं नकोत असा करार केलाय, आपल्या देशानंही त्यात यावं, आणि खाली गावोगावच्या लोकांच्या सह्या. पुण्यातल्या पोरांनी कॉलेजांच्या दारात पानंच्या पानं भरली. कोळवणात तुम्ही दिवसभर फिरलात आणि तीन सह्या घेऊन आलात. त्यातली एक तुझ्या मामाची. त्या दिवशी मीही बरोबर होते, मागं पिशवी धरून. एक आजोबा ओट्यावर बसले होते. तू सगळं नीट सांगितलंस. त्यांनी मान डोलावली. "बराबर हाय पोरी, लई वंगाळ गोष्ट." तू कागद पुढं केलास, तसे ते ओट्यावरच मागं सरकले.

"सही न्हाई करनार."

"आजोबा, पटलं ना तुम्हाला?"

"पटलं. पर सही न्हाई. माझ्या आज्यानं कागदावर अंगठा दिला, त्येचं रान धरनाखाली गेलं. माझ्या भावानं दिला, तितं आता पुन्यावाल्याचं फारमहाऊस हाय. तू चांगल्या घरची दिसतीस, पर कागद तुझ्या हातातबी कागदच."

तू कागदाची घडी घालून माघारी वळलीस. मुळशीत माणूस जेवायला वाढेल, मुक्कामाला घोंगडी देईल, पण सही देणार नाही, हे तुझ्यासारख्या इथल्याच पोरीला कळायला हवं होतं, म्हणून तुझा तुलाच राग आला होता. घरी गेल्यावर तुझ्या आईनं, आमच्या काकूंनी, तांदूळ पाखडता पाखडता तोडगा काढला.

"कागद कशाला नाचवता? खळ्यावर आलेल्याला मूठभर द्यायची रीत हाय आपली. मूठ मागा. मूठ दिली म्हंजी बोलनं मानलं."

तिथनं पुरचुंड्या सुरू झाल्या. जुन्या सुती साड्यांचे चौकोन मी कापले. एका घराची एक मूठ, एक पुरचुंडी, आत घराच्या नावाची चिठ्ठी. कलेक्टर ऑफिसातनं पत्राबरोबर ह्याच पाठवायच्या ठरल्या. आणि तुझा नियम. तो तू इतक्या वेळा सांगितलास की पोरं तुझी नक्कल करायची. "भीक मागायची नाही. आधी सगळं सांगायचं. भीड म्हणून देत असतील तर घ्यायचं नाही. आणि नाही म्हणाले तर तेही वहीत लिहायचं, नावासकट." वहीत तू दोन रकाने पाडले होतेस, हो आणि नाही. ओंकार म्हणायचा, "अगं, नाहीवाल्यांची यादी करून कुणाला दाखवणार? आपण प्रचार करतोय की जनगणना?" तू म्हणायचीस, "ज्याच्या नाहीला किंमत नाही, त्याच्या होला कोण विचारतंय?"

मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटायचं आणि थोडं फुकटचंही.

आपलं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरनं होतं, आणि ते अर्धंच राहिलं. माझा भाऊ, ज्याला मी दुसरीपासून डबा करून दिला, तो आज फौजेत आहे. वर, बर्फात. एका रविवारी सगळे गेल्यावर मी तुला म्हटलं, "तुझं सगळं पटतं गं. पण आपण बाँब टाकून दिले आणि समोरच्यानं नाही दिले टाकून, तर? तुझ्या बोलण्यानं माझा भाऊ उघडा पडतो."

तू भांडी विसळत होतीस. पाठमोरीच म्हणालीस, "आता तो उघड्यावर नाही का उभा, ताई? एवढे बाँब असून?"

मला ते लागलं. पुढच्या रविवारी तुझ्या चहात मी साखर घातली नाही. तू पूर्ण कप प्यायलीस, आणि जाताना म्हणालीस, "राग गोड नसतो, हे बरोबर आहे." मी हसले.  मग तूच कबूल केलंस. "समोरच्यानं टाकून दिले नाहीत तर, ह्याचं उत्तर मला येत नाही. म्हणून तर दोन्हीकडच्या पोरांनी एकाच वेळी मागायला पाहिजे. तिकडं पण कुणीतरी असेल गं माझ्यासारखं वेडं." त्यावर मी म्हटलं होतं, "तिकडं साखर नसंल घालत तिच्या चहात." पुढचं बोलायचं राहूनच गेलं.

बरं, वाडी. गुरुवारी माझी सुट्टी. एसटीनं ताम्हिणीला उतरले, पायवाटेनं वर चढले. रस्त्यात तीस वेळा पाठ केलं, "नमस्कार, मी पौडाहून आले, आम्ही तरुण मंडळी," आणि तिथंच अडायचं, कारण मी तरुण मंडळी आहे का हेच मला ठरवता येईना. वाडीच्या तोंडाशी एक कुत्रं भुंकत आलं. पहिल्याच घराच्या दारात म्हातारी बसली होती, बायजाबाई.

"कोन गं तू? जागा बघाया आलीस का? हितं इकायला काय न्हाई."

माझं पाठ केलेलं सगळं गेलं. तोंडातनं निघालं, "पाणी मिळंल का?"

तिनं पाणी दिलं. मी प्याले. आणखी दिलं. तेही प्याले. ती शेजारी बसून बोलत राहिली, ह्या घरात कोण, त्या घरात कोण, कुणाचा पोरगा पिरंगुटला कंपनीत आहे, कुणाची सून पळून गेली आणि परत आली. मी मान हलवत सगळं ऐकलं. सतराही घरांची नावं मला अशी आयती मिळाली. माझ्या तोंडावरनं हात फिरवून ती म्हणाली, "दमलीस. जा सावकाश." आणि मी गेले. पिशवीत सतरा रिकामे चौकोन तसेच.

दुसऱ्या दिवशी कोठीच्या पोत्यातनं सतरा मुठी भरताना मी स्वतःला सांगत होते, विचारलं असतं तर दिलेच असते की. तांदूळ तो तांदूळ.

रविवारी मी पिशवी टेबलावर ठेवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओंकार म्हणाला, "एका दिवसात सतरा! आणि एकसुद्धा 'नाही' नाही? ताईला सगळ्या तालुक्यावर सोडा आता." तू त्यातली एक पुरचुंडी सोडलीस. चार दाणे तळहातावर घेतलेस, बोटानं घोळवलेस, एक दाणा दातांखाली धरलास. मग परत गाठ मारलीस.

"काय म्हणाली गं माणसं?"

मी ते सगळं सांगितलं, जे ह्या पत्राच्या सुरुवातीला लिहिलंय. तू ऐकून घेतलंस. शेवटी एवढंच म्हणालीस, "पुढच्या गुरुवारी मी येते तुझ्याबरोबर. परत जाऊ आपण."

"कशाला? झालंय की."

"असंच. मला ती म्हातारी बघायचीय."

पुढच्या गुरुवारी तुझी परीक्षा होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी तू अंथरुणावर होतीस. मी डबा घेऊन माल्याला आले होते, वरणभात. तू दोन घास खाल्लेस आणि म्हणालीस, "हा होस्टेलचा तांदूळ ना?"

"व्हय."

"शीत न् शीत सुटं होतं ह्याचं. आमच्या इंद्रायणीचा कसा गोळा होतो."

"मग वाईट असतो का हा?"

"वाईट कशाला? चांगला असतो." डोळे मिटूनच हसलीस. "फक्त ओळखू येतो."

मी मूर्खासारखी म्हटलं, उद्या तुमच्या तांदळाचा आणते करून. ज्वारीच्या रानातली बाई मी. मला काय ठाऊक, माणसाच्या तोंडवळ्यासारखा तांदूळही गावागावचा ओळखता येतो म्हणून. तू मला दार उघडून दिलं होतंस, ऋतुजा. मी उंबऱ्यावर उभी राहून डबा बंद केला.

तू ओळखलं होतंस, हे मला कळलं ते तुझ्या दहाव्यानंतर. ओंकार आणि मी पुरचुंड्या न्यायला आलो होतो. काकूंनी पत्र्याची पेटी उघडली आणि एकेक पुरचुंडी हातात घेऊन बोलायला लागल्या, सोडून न बघता, नुसत्या कापडावरनं वास घेऊन. "ही कोळवनची. ही आमच्या आळीची, ह्या वर्साला आंबेमोहोर केलता त्येंनी." रडत नव्हत्या. मला वाटतं, तुझ्या हाताचं काहीतरी हाताळायला मिळालं म्हणून त्या थोड्या थाऱ्यावर आल्या होत्या. पेटी संपली. ओंकारनं मोजल्या आणि म्हणाला, "सतरा कमी आहेत. ताम्हिणीच्या."

काकूंनी खुंटीवरची कापडी पिशवी काढून दिली. "ह्या येगळ्या ठिवल्यात तिनं."

"का?"

"ह्यो दुकानाचा कोलम हाय. ताम्हिणीवर असला पांढराफेक तांदूळ कोन पिकवतंय? तिकडला जाडा, तांबूस असतो." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तिला कळलं नसंल व्हय? सहा वर्सांची होती तवापास्नं खळ्यावर बसायची."

वही उघडली. वाडीच्या नावापुढं दोन्ही रकाने कोरे होते. हो नाही आणि नाही पण नाही. तिथं तू काहीच लिहिलं नव्हतंस.

खरं सांगू? मला आधी तुझा रागच आला. का नाही बोललीस? चारचौघांत नको, पण एकटीला गाठून म्हणायचं होतंस, सविताताई, तू खोटं बोललीस. मी रडले असते, भांडले असते, मग आपण मोकळ्या झालो असतो. तू मला राखलंस. आता राखलेली मी एकटीच उरलेय, आणि हे जिला सांगायचं तीच नाही. चपात्या लाटताना पोळपाटावर डोळ्यांतलं पाणी पडतं आणि पोरी विचारतात, मावशी कांदा चिरताय का? मी म्हणते, व्हय.

ओंकार वाईट मुलगा नाही. त्या दिवशी रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "ताई, ह्या पण धरूया. तिच्या नावानं जाणार आहेत. सतरानं काय फरक पडतो? कलेक्टर ऑफिसात कोण तांदूळ चावून बघणार आहे?"

माझा हो तोंडापर्यंत आला होता. किती सोपं होतं ते. मला कुठं जायला लागलं नसतं, कुणाला काही सांगायला लागलं नसतं, आणि गटात मी तीच राहिले असते, एका दिवसात सतरा घरं करणारी. तुम्हा पोरांत बसायला मिळालेली ती एक खुर्ची सोडली तर इथं माझं आहे काय? 

"तिनं चावून बघितलाय," मी म्हटलं. आणि रस्त्यातच उभं राहून त्याला सगळं सांगितलं.

त्यानं ती सतरांची पिशवी माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "मंगळवारी द्यायच्यात. आज रविवार."

"गुरुवारच्या सुट्टीऐवजी उद्याची मागून घेते."

"मी येऊ?"

"नको," म्हटलं. 

काल गेले. कुत्रं तेच, बायजाबाई त्याच दारात. मी नमस्कार वगैरे काही केला नाही. म्हटलं, "आजी, मागं मी पाणी प्यायला आले होते, ते खोटं होतं."

"खोटं कसं? दोन तांबं प्यालीस की."

मग बसले आणि सांगितलं. वाईट सांगितलं. तुझ्यासारखं ओळीत मला येत नाही. आधी बाँब सांगितला, मग तू गेलीस ते सांगितलं, मग जपानातली दोन शहरं, मग परत तू, मग वारा, मग पुरचुंडी. मधेच रडले. बायजाबाई म्हणाली, "म्हंजी यकदा पडला की रानबी जातं?"

"जातं. बरीच वर्षं."

"धरनावानी."

"धरणात निदान पाणी तरी दिसतं, आजी."

ती आत गेली आणि ओंजळ भरून आली. मूठच लागते म्हटलं तर म्हणाली, "मूठ तुमची, वरचं त्या पोरीचं." तांबूस, जाडा तांदूळ. हातात घेतला आणि मला, ज्वारीवालीला, पहिल्यांदा दिसला.

सगळीकडं तसं झालं नाही. एका घरात हसले. "आमच्याकडं चार दिस लाईट न्हाई आन तू बाँबचं सांगतीस." तरी तांदूळ देत होते, म्हणून घेतला नाही. नाहीच्या रकान्यात लिहू का विचारलं, तर म्हणाले, तसंबी नको, पुढल्या येळंला बगू. एका बाईकडं तांदूळ संपला होता, तिनं नाचणी दिली. मी चिठ्ठीवर नाचणी असं लिहिलं. सात घरांना कुलूप, माणसं मजुरीला गेलेली. आणि एक घर, जिथला पोरगा रोज सकाळी घाटरस्त्यानं पळतो, भरतीसाठी. त्याचा बाप दारात उभा राहिला.

"माझा पोरगा उद्या बार्डरवर हुबा ऱ्हानार. तुमी म्हंता हत्यार टाका. पटत न्हाई."

"माझा भाऊ आजच उभा आहे," मी म्हटलं. "मलाही अजून पुरतं पटलेलं नाही."

तो म्हणाला, "मग फिरतीस कशाला?"

काय सांगणार? मी म्हटलं, "झोप लागत नाही, म्हणून." हे मी तुला कधी बोलले नव्हते. तुझं ऐकल्यापासून मला दोन्हीची भीती वाटते, बाँब असण्याची आणि नसण्याची. पण असण्याची भीती वाटते तेव्हा त्यात माझा भाऊही असतो, ही वाडीही असते आणि तिकडची कुणीतरी तुझ्यासारखीही असते. ती भीती मोठी आहे. एवढंच माझं उत्तर, ऋतुजा. तुझ्याशी भांडायला मी ते आणायला उशीर केला.

त्यानं चहा पाजला. म्हणाला, "न्हाई लिव. आन माझं नाव नीट लिव." मी लिहिलं. त्यानं वही हातात घेऊन वाचलं आणि परत दिली.

सतरातले आठ हो, एक नाही, बाकीच्यांना परत जायचंय. कोलमचा सगळा तांदूळ मी कोठीत परत ओतला आणि ते चौकोन धुतले. आज पत्राबरोबर ताम्हिणीच्या आठच जातील. ओंकारनं "बरं" एवढंच पाठवलं मोबाइलवर, आणि थोड्या वेळानं, "रविवारी ये."

येताना एसटीत शेजारी एक बाई बसल्या, पन्नाशीच्या, माल्याच्या अलीकडनं चढलेल्या. माझ्या मांडीवरच्या पिशवीकडं बोट करून म्हणाल्या, "काय हाय गं त्यात?" पूर्वी मी "काय न्हाई, तांदूळ" म्हणून खिडकीकडं बघितलं असतं. काल मी सांगितलं. कुणी पाठवलं नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं, तरी सांगितलं. त्यांनी ऐकलं. बाँबचं फारसं त्यांना लागलं नाही, हे दिसत होतं. मग म्हणाल्या, "आन जे न्हाई म्हंतात त्येंचं काय करता?"

"लिहून घेतो. नावासकट." मी वही उघडून दाखवली.

त्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"आमची जमीन इकली तवा मी न्हाई म्हनले हुते," त्या म्हणाल्या. "दारात हुबी राहून म्हनले. दिरानं, धन्यानं, त्या एजंटानं, कुनी लिवून घ्येतलं न्हाई. जनू मी बोललेच न्हाई." मग माझ्याकडं वळल्या. "माझं आता घ्येशील का? पर आदी समदं ऐकावं लागंल. नुसतं न्हाई लिवून कुनाला काय कळनार?"

मी पेन काढलं. कंडक्टर पौड, पौड म्हणून दोनदा ओरडला. दार उघडलं, माणसं उतरली, दार लागलं. मी जागची उठले नाही, ऋतुजा. बाईंचं अजून सांगून झालं नव्हतं.

तुझी,
सविताताई